मंददृष्टि, मांजरीचीं पिलें आणि चिनी सुई

डोळा पाहतो असें आपण म्हणतों. परंतु डोळा हें केवळ द्वार आहे, पाहणारा त्याच्या मागें बसलेला आहे, हा विचार आपल्या देशांत नवा नाहीं. डोळ्याचाहि डोळा कोणता, हा प्रश्न केनोपनिषदाच्या कर्त्यानें फार पूर्वीं विचारून ठेविला आहे. ज्या देशांत हा प्रश्न प्रथम विचारला गेला त्याच देशांत, मुलाचा डोळा स्वच्छ व पाणीदार दिसतो त्या अर्थीं त्याची दृष्टिहि धडधाकट असलीच पाहिजे, असें धरून चालणारीं सुशिक्षित घरें आजहि पुष्कळ आहेत. या समजुतीचा फोलपणा ज्या एका विकारानें उघडा पाडला, त्या विकाराचा, आणि त्याच्यावर चालविल्या जाणाऱ्या एका परदेशी उपायाचा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

हा विकार म्हणजे मंददृष्टि. साध्या भाषेंत यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. बाहेरून पाहतां डोळ्यांत कांहीं उणें नसतें. बुबुळ स्वच्छ, पडदा निरोगी, शीर शाबूत. तरीहि त्या डोळ्यानें मुलाला फळ्यावरील मोठीं अक्षरेंसुद्धां लागत नाहींत, आणि चष्मा दिला तरी तीं तत्काळ लागत नाहींत. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र केल्या तर शेंकडा एक ते चार माणसांत हा दोष आढळतो. याचीं कारणें मुख्यतः तीन. एक, डोळा तिरळा असणें; दुसरें, दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठी तफावत असणें; आणि तिसरें, जन्मतः मोतीबिंदु किंवा खालीं लोंबणारी पापणी यांमुळें एका डोळ्यापुढें पडदा असणें. पहिलें कारण शेजाऱ्यालाहि दिसतें. दुसरें मात्र आईलासुद्धां दिसत नाहीं, आणि म्हणूनच तें अधिक घातक.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत घाटावरच्या मेहकर-चिखलीकडे जा, किंवा घाटाखालच्या मलकापूर-जळगांवकडे जा, तिरळ्या पोराकडे पाहून 'भाग्यवान आहे हो' असें म्हणणारी एखादी आजी भेटल्यावांचून राहणार नाहीं. त्या म्हणण्यांतील माया आम्ही जाणतों. पण त्या मायेंत मुलाचीं मोलाचीं वर्षें निघून जातात. ज्याचा दोष नंबराच्या तफावतीमुळें आहे त्याला तर स्वतःलाहि तो ठाऊक नसतो. एका डोळ्यावर तो सुखानें शाळा शिकतो, झाडावर चढतो, विहिरींत पोहतो. पुढें पोलिसांच्या किंवा सैन्याच्या भरतीला जातो. तेथें एक डोळा झांकून अक्षरें वाचावयास सांगतात, आणि अठरा-वीस वर्षांचा तो तरुण प्रथमच जाणतो कीं, आपण आजवर एकाच डोळ्यानें जग पाहत आलों. दोष सांपडतो, पण तो जाण्याची वेळ बहुतेक टळून गेलेली असते. वेळ टळते म्हणजे नेमकें काय होतें, याचें उत्तर मिळण्यास विसावें शतक अर्ध्याहून अधिक जावें लागलें.

उपाय मात्र कारणाच्या पुष्कळ आधीं सांपडला होता. वैद्यकाच्या इतिहासांत असें वारंवार घडतें. चांगला डोळा झांकून वाईट डोळ्याला कामाला लावावें, हा सल्ला नवव्या शतकांतील बगदादचा विद्वान् साबित इब्न कुर्रा याच्या नांवावर सांगितला जातो. पुढें १७४३ मध्यें ब्युफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानें तिरळेपणावर लिहितांना दोन डोळ्यांच्या शक्तींतील असमानतेकडे बोट दाखविलें, आणि बलवान् डोळ्यावर पट्टी बांधण्याचा उपाय पुरस्कारिला. लंडनच्या क्लॉड वर्थनें १९०३ मध्यें तिरळेपणावर ग्रंथ लिहून हा विषय शास्त्राच्या चौकटींत बसविला. दोन डोळ्यांचीं चित्रें जुळवून एक करण्याची शक्ति मुलांत पहिल्या कांहीं वर्षांतच तयार होते, तेव्हां उपचार लवकर सुरू करावा, असा त्याचा आग्रह होता. अशा रीतीनें पट्टी हजार वर्षें चालत आली. पण वापर नसल्यानें डोळा मंद होतो कीं डोळा मुळांतच मंद म्हणून त्याचा वापर होत नाहीं, हा वाद मिटला नाहीं. डोळा उघडून पाहिलें तर दोष दिसेना. आणि मेंदूंत डोकावून पाहण्याचें साधन कोणापाशीं नव्हतें.

हें साधन आलें तें सूक्ष्म विद्युत्-टोंकांच्या रूपानें. केसाहून बारीक तारेचें टोंक मेंदूंतील एकेका पेशीजवळ नेऊन तिची विद्युत्-कुजबुज ऐकण्याची युक्ति विसाव्या शतकाच्या मध्यास साधली. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल हे दोन तरुण १९५८ मध्यें अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत या युक्तीनें मांजराच्या मेंदूचा दृष्टिभाग तपासूं लागले. ते मांजरापुढें पडद्यावर कधीं काळे ठिपके टाकीत, कधीं पांढरे. पेशी कांहीं बोलेना. एके दिवशीं दिव्यांत कांच सरकवितांना त्या कांचेच्या कडेची बारीकशी सावली पडद्यावरून सरकली, आणि पेशी एकाएकीं तडतडूं लागली. ठिपक्यांना मूक असलेली ती पेशी विशिष्ट दिशेच्या रेषेला उत्तर देत होती! मेंदू चित्र जसेंच्या तसें उतरवून घेत नाहीं, तो तें रेषा-रेषांनीं वाचतो, हें या आकस्मिक सावलीनें दाखविलें.

पुढें हार्वर्ड येथें या दोघांनीं आमच्या विषयाशीं थेट संबंध असलेला प्रयोग केला, आणि १९६३ मध्यें तो प्रसिद्ध केला. मांजरीच्या नवजात पिलाची एक पापणी त्यांनीं शिवून टाकली आणि दोन-तीन महिन्यांनीं उघडली. डोळा निरोगी होता, त्याचा आंतला पडदा प्रकाशाला नीट उत्तर देत होता. पण मेंदूच्या दृष्टिभागांतील जवळजवळ सर्व पेशी आतां फक्त दुसऱ्या, उघड्या राहिलेल्या डोळ्याचें ऐकत होत्या. बंद राहिलेल्या डोळ्यापुढें कांहींहि धरा, मेंदूंत शांतता. हाच प्रयोग पूर्ण वाढलेल्या मांजरावर केला तर मात्र मेंदूंत असा फरक पडला नाहीं. १९७० मध्यें त्यांनीं या नाजुक काळाच्या सीमाहि दाखविल्या. पिलाच्या चौथ्या आठवड्यापासून सुमारें तिसऱ्या महिन्यापर्यंत हा काळ असतो, आणि त्याच्या ऐन भरांत डोळा थोडे दिवस मिटून ठेविला तरी परिणाम खोल होतो. या दोघांना १९८१ मध्यें नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

या प्रयोगांत एक गोष्ट अशी निघाली, कीं ती वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावी. दोन्ही डोळे बंद ठेविले तर नुकसान दुप्पट होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत एकच डोळा बंद ठेविल्यानें त्या डोळ्याच्या पेशींचें जें नुकसान झालें तितकें दोन्ही बंद ठेविल्यानें झालें नाहीं. तेव्हां केवळ अंधार हें कारण नव्हे. दोन डोळ्यांची स्पर्धा हें कारण. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हें समजाविण्यास फार वेळ लागूं नये. एका विहिरीवर दोन भावांची पाण्याची पाळी असते. एक भाऊ चार वर्षें परगांवीं राहिला, तर दुसरा त्याच्या पाळीचें पाणी घेतो. हळूहळू त्याचा पाट बुजतो, धुरा कोरला जातो, आणि पहिला परत येतो तेव्हां त्याचें शेत कागदावर त्याचें असतें पण पाणी त्याच्याकडे वळत नाहीं. पट्टी बांधणें म्हणजे बलवान् भावाला कांहीं काळ पाळीपासून दूर ठेवून दुबळ्याचा पाट पुन्हां वाहता करणें. हजार वर्षांच्या उपायाचें मर्म असें मांजरीच्या पिलांनीं सांगितलें.

हें वाचून कित्येकांच्या मनाला चटका बसेल. मुक्या जीवाची पापणी शिवणें ही गोष्ट जैन व वारकरी संस्कारांत वाढलेल्या आपल्या समाजाला सहजासहजीं पचणारी नव्हे, आणि ती पचूं नये असेंच आम्हांस वाटतें. पण त्याच ज्ञानामुळें जन्मतः मोतीबिंदु असलेल्या अर्भकाचें शस्त्रकर्म 'मोठा झाल्यावर पाहूं' असें म्हणून पुढें ढकलावयाचें नाहीं, तें पहिल्या कांहीं आठवड्यांतच करावयाचें, असा निश्चय जगभरच्या नेत्रवैद्यांनीं केला, हेंहि विसरतां येत नाहीं. ज्या ज्ञानाची किंमत दुसऱ्या जीवानें भरली आहे तें न वापरणें हा त्या जीवाचा दुहेरी अपमान होय.

आतां सुईकडे वळूं. शरीरावर एका ठिकाणीं टोंचल्यानें दुसऱ्या ठिकाणचें दुखणें बरें होतें, ही कल्पना आपणांस परकी नाहीं. सुश्रुतानें शिरावेध व अग्निकर्म हीं सविस्तर सांगितलीं आहेत. बालकाचे कान टोंचावयाचे ते भूषणासाठीं तसेच रक्षणासाठीं, असें त्याचें म्हणणें आहे. आमच्या जिल्ह्याच्या ईशान्येस लागून असलेल्या मेळघाटांत आजारी अर्भकाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे डाग देण्याची 'डंबा' नांवाची अघोरी चाल आजहि पुरती मिटलेली नाहीं. चीननें मात्र या कल्पनेचें एक मोठें शास्त्र रचलें. इसवी सनाच्या आसपास, किंबहुना त्याच्या कांहीं आधीं, तयार झालेल्या तेथील आद्य वैद्यकग्रंथांत शरीरभर पसरलेल्या वाहिन्या, त्यांतून वाहणारा प्राण आणि त्याला वळण लावणाऱ्या सुया यांचें विवेचन आहे. नेत्ररोगांसाठीं डोळ्याच्या आंतील कोपऱ्याजवळचा, डोळ्याखालचा, मानेच्या मागचा, इतकेंच नव्हे तर नडगीवरचाहि बिंदु सांगितला आहे.

ही विद्या चीनमध्यें अखंड आदरानें चालत आली अशी जी समजूत आहे ती खरी नाहीं. १८२२ मध्यें खुद्द सम्राटाच्या आज्ञेनें राजवैद्यशाळेंतून सुईचा विभाग काढून टाकण्यांत आला. १९२९ मध्यें तेथील राष्ट्रीय सरकारपुढें जुनें वैद्यक टप्प्याटप्प्यानें बंद करण्याचा प्रस्ताव आला, आणि देशभरच्या वैद्यांनीं निषेध करून तो थोपविला. सुईला पुन्हां राजाश्रय मिळाला तो युद्धकाळांत, येनानच्या डोंगराळ मुलखांत. औषधें नव्हतीं, भूल देण्याचीं साधनें नव्हतीं, जखमी मात्र हजारों. तेव्हां जुन्या व नव्या वैद्यांनीं एकत्र काम करावें, असें धोरण माओ त्से-तुंग यांनीं १९४४ मध्यें पुढें ठेविलें, आणि झू लियान नांवाच्या स्त्री-डॉक्टरनें सुईचें शिक्षण घेऊन तिला नव्या इस्पितळांत जागा मिळवून दिली. तिचा यावरील ग्रंथ १९५१ मध्यें प्रसिद्ध झाला.

याच येनानशीं महाराष्ट्राचें एक हृद्य नातें आहे. १९३८ च्या सप्टेंबरांत काँग्रेसनें जपानी आक्रमणाशीं झुंजणाऱ्या चीनला पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. डॉ. मदनमोहन अटल हे त्याचे प्रमुख, बरोबर डॉ. देवेश मुखर्जी, डॉ. विजयकुमार बसु, आमच्या विदर्भांतील नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, आणि सोलापूरचे सत्तावीस वर्षांचे तरुण डॉ. द्वारकानाथ कोटणीस. पथक १९३९ च्या फेब्रुवारींत येनानला पोहोंचलें. कोटणीस पुढें रणभूमीवरच्या बेथ्यून इस्पितळाचे प्रमुख झाले, तेथेंच त्यांनीं ग्वो छिंगलान या परिचारिकेशीं विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं तेथेंच देह ठेविला. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटानें ही कथा घराघरांत नेली.

पण इतिहास नीट वाचणारानें एक भेद ध्यानीं धरावा. कोटणीस हे शस्त्रवैद्य होते. त्यांच्या हातीं चाकू होता, सुई नव्हे. सुई भारतांत आणली ती त्यांच्या सहकाऱ्यानें, डॉ. बसु यांनीं. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हां चीनला गेले, तेथें सूचिचिकित्सा शिकले, आणि परत येऊन कलकत्त्यास तिचा प्रसार करूं लागले. त्यांच्या शिष्यपरंपरेनें आपल्या संस्थांना कोटणीसांचें नांव दिलें. लुधियानाचें कोटणीस सूचिचिकित्सा रुग्णालय हें त्यांतील प्रसिद्ध. अशा रीतीनें एका हुतात्म्याचें नांव एका चिकित्सेला चिकटलें, आणि ती चिकित्सा आपल्या मनांत कृतज्ञतेच्या दारानें शिरली. कृतज्ञता हा मोठा गुण आहे; पण ती औषधाचा पुरावा होऊं शकत नाहीं. पुढें १९७१ मध्यें जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकारानें पेकिंगमधील आपल्या दुखण्याची हकीकत लिहिल्यापासून पश्चिमेंतहि सुईचें वेड पसरलें. महाराष्ट्रानें या पद्धतीसाठीं २०१५ चा अधिनियम केला, आणि भारत सरकारनें २०१९ मध्यें तिला स्वतंत्र उपचारपद्धति म्हणून मान्यता दिली. पण मान्यता हाहि पुरावा नव्हे. पुरावा प्रयोगांतच शोधला पाहिजे.

या शोधांतील एक हकीकत बोधप्रद आहे. १९९८ मध्यें कॅलिफोर्नियांतील झांग-ही चो या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं जाहीर केलें कीं, पायाच्या करंगळीजवळच्या ज्या बिंदूचा चिनी ग्रंथ डोळ्याशीं संबंध सांगतात तेथें सुई टोंचली असतां, मेंदूच्या चुंबकीय चित्रांत दृष्टिभागच उजळतो. जगभर डंका वाजला. प्राचीन ज्ञानाला यंत्राची साक्ष मिळाली असें लोक म्हणूं लागले. पण पुढील अभ्यासांत बिंदूगणिक मेंदूचा ठराविक भाग उजळतो, हें टिकलें नाहीं. २००६ मध्यें खुद्द चो व त्यांच्यापैकीं कित्येकांनीं तो निष्कर्ष त्याच नियतकालिकांत मागें घेतला. सुईचे भक्त व सुईचे निंदक या दोघांनींहि या कृतीपासून धडा घ्यावा. स्वतःचा गाजलेला शोध स्वतःच्या हातानें पुसण्याचें धैर्य हेंच विज्ञानाचें खरें तप होय.

दरम्यान चीनमधील प्रयोगशाळांनीं ह्यूबेल-वीझेल यांचीच वाट धरली. मांजरीच्या व उंदरांच्या पिलांचा एक डोळा नाजुक काळांत मिटून मंददृष्टि उत्पन्न करावयाची, मग कांहीं पिलांना डोळ्याभोंवतालच्या व इतर बिंदूंवर सुया टोंचावयाच्या, कांहींना नाहीं, आणि शेवटीं दोन्ही गटांचे मेंदू तपासावयाचे, अशी त्या प्रयोगांची रूपरेषा आहे. बुद्धिबळाच्या पटासारखा काळ्या-पांढऱ्या घरांचा पट डोळ्यापुढें हलविला असतां मेंदूंत जी विद्युत्-लहर उठते ती किती उंच व किती लवकर उठते, हें मोजतात. मज्जापेशींचें पोषण करणारीं द्रव्यें आणि पेशी-पेशींतील संदेश ग्रहण करणारे कण दृष्टिभागांत किती आहेत, हेंहि पाहतात. सुई टोंचलेल्या पिलांत लहर सुधारल्याचें व या द्रव्यांचें प्रमाण वाढल्याचें अनेक निबंधांत नमूद आहे. म्हणजे सुईनें मेंदूची घडण पुन्हां कांहींशी लवचीक होते, असा या संशोधकांचा दावा आहे.

हा दावा आम्ही झिडकारीत नाहीं. पण तो तोलून घेतला पाहिजे. पहिली गोष्ट, यांतील पुष्कळ प्रयोगांत सुईतून सौम्य वीज सोडलेली असते. डोळ्याभोंवतीं त्वचेंत मज्जातंतूंचें दाट जाळें आहे. तेथें वीज सोडल्यावर मेंदूंत कांहीं घडलें, तर त्याचें श्रेय वाहिन्यांतील प्राणाला द्यावें कीं साध्या मज्जातंतूला, हा प्रश्न उरतोच. दुसरी गोष्ट, उंदराचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात. दोन्ही डोळ्यांना एकत्र दिसणारा टापू त्याला माणसाच्या मानानें फारच थोडा. तिसरी गोष्ट, प्रयोगांतील प्राण्यांची संख्या बहुधा लहान असते. आणि चौथी, द्रव्याचें प्रमाण वाढणें म्हणजे दृष्टि येणें नव्हे. बी-भरण, खत व पाऊस यांचा हिशेब कितीहि चोख असला तरी बाजारांत कापूस आल्यावांचून शेतकरी त्याला पीक म्हणत नाहीं.

मग माणसांच्या मुलांचें काय? हाँगकाँग व शान्तौ येथील नेत्रवैद्यांचा एक अभ्यास २०१० मध्यें प्रसिद्ध झाला. नंबराच्या तफावतीमुळें मंददृष्टि आलेलीं सात ते बारा वर्षांचीं ८८ मुलें त्यांनीं घेतलीं, आणि चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. एका गटाला रोज दोन तास पट्टी, दुसऱ्याला आठवड्यांतून पांच वेळां सुया, चष्मा दोघांनाहि. पंधरा आठवड्यांनीं पट्टीच्या गटाची दृष्टि अक्षरांच्या तक्त्यावर सरासरीनें सुमारें १·८ ओळी सुधारली होती, सुईच्या गटाची सुमारें २·३ ओळी. सुई पट्टीच्या मागें पडली नाहीं, इतकें यावरून निश्चित म्हणतां येतें. परंतु कोणाला काय मिळत आहे हें मुलांपासून व पालकांपासून लपविणें येथें शक्य नव्हतें. खोट्या सुया टोंचलेला तिसरा गट नव्हता. आणि तिरळेपणानें आलेल्या मंददृष्टीचा येथें विचारच नव्हता. ८८ मुलांवरून सबंध जगाच्या मुलांसाठीं नियम घालून देणें कोणाहि सुज्ञाला धीर होणार नाहीं.

याच्या तुलनेनें चष्मा, पट्टी व थेंब यांची साक्ष पहा. अमेरिकेंतील बालनेत्रवैद्यांच्या मंडळानें २००२ मध्यें सात वर्षांखालील ४१९ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. चांगल्या डोळ्याची दृष्टि तात्पुरती धूसर करणारे अॅट्रोपिनचे थेंब आणि पट्टी या दोहोंचा गुण सहा महिन्यांनीं जवळजवळ सारखाच आला. पुढील वर्षीं त्यांनींच दाखविलें कीं, मध्यम प्रतीच्या मंददृष्टींत रोज दोन तासांची पट्टीहि सहा तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी पडते. आणि २००५ मध्यें सात ते सतरा वर्षांच्या ५०७ मुलांचा वृत्तांत आला. त्यांतील सात ते बारा वर्षांच्या वयांत नुसत्या चष्म्यानें शेंकडा २५ मुलांना चांगला गुण आला, तर चष्म्याबरोबर पट्टी व थेंब दिल्यावर शेंकडा ५३ मुलांना आला. याचा अर्थ असा कीं, सातव्या वर्षीं दार एकदम धाडकन् बंद होत नाहीं; तें हळूहळू लोटलें जातें. म्हणून उशीर झालेल्या मुलाच्या आईबापांनीं निराश होऊं नये. आणि ज्यांना उशीर झालेला नाहीं त्यांनीं याचा आधार घेऊन उशीर करूं नये.

येथें आमच्या सांगण्याचा मुख्य मुद्दा येतो. सुई खरी कीं खोटी, हा वाद शास्त्रज्ञ आणखी वीस वर्षें घालोत. त्यांना तेवढी फुरसत आहे. चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्याला ती नाहीं. सांधेदुखीच्या म्हाताऱ्यानें सहा महिने सुया टोंचून पाहिल्या आणि गुण आला नाहीं, तर त्याचे पैसे व सहा महिने गेले. सांधा जेथें होता तेथेंच राहिला. मुलाच्या मंददृष्टीचें गणित वेगळें आहे. तेथें जो महिना गेला तो मेंदूच्या घडणींतून गेला, आणि त्याची भरपाई कोणत्याहि चिकित्सेच्या हातीं नाहीं. ज्या उपायाला हजार वर्षांचा अनुभव व हजारों मुलांची मोजदाद यांचा आधार आहे तो बाजूस सारून, ज्याला अजून थोड्या पिलांचा व थोड्या मुलांचा आधार आहे त्याच्या मागें लागणें, हा या विकारांत सर्वांत महाग पडणारा जुगार आहे. नेत्रवैद्याच्या देखरेखीखालीं चष्मा-पट्टी चालू ठेवून कोणी सुई करून पाहिली, तर आमचें भांडण नाहीं. चष्मा-पट्टी सोडून केली, तर आहे. आणखी व्यवहाराचीहि एक गोष्ट आहे. आठवड्यांतून पांच वेळां मुलाला सुईसाठीं नेणें शान्तौच्या शहरवासीयाला जमेल. संग्रामपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या मजुराला तें कसें जमावें? कापडाची पट्टी मात्र त्याच्या झोंपडींतहि रोज दोन तास बांधतां येते.

सरकारनें आपल्या परीनें कांहीं व्यवस्था केली आहे. अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्यें आपल्याच महाराष्ट्रांतील पालघर येथून सुरू झाला. पण कोणत्याहि पथकाची फेरी वर्षांतून एकदां-दोनदां. आईचे डोळे मात्र मुलावर बाराहि महिने असतात. तिनें खेळतां खेळतां लहानग्याचा एकेक डोळा तळहातानें झांकून पाहावा. एक डोळा झांकला असतां मूल हंसत खेळत राहतें, आणि दुसरा झांकला कीं कुरकुरतें, हात झिडकारतें, असें वारंवार झालें, तर उघडा राहिलेला डोळा दुबळा आहे असा संशय घ्यावा आणि नेत्रवैद्याकडे जावें. असें कांहीं दिसलें नाहीं म्हणून मात्र निर्धास्त राहूं नये. घरची चांचणी ही तपासणीची जागा घेऊं शकत नाहीं. तिरळ्या मुलाला तर कोणत्याहि संशयाची वाट न पाहतां न्यावें.

आपल्याकडे दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून मुलाला अक्षरओळख करून देण्याची सुंदर चाल आहे. पाटी नवी घेतों, पेन्सिल नवी घेतों, मुलाला नवें अंगरखें घालतों. ज्या डोळ्यांनीं तें पुढें सारें आयुष्य वाचणार ते दोन्ही डोळे पाटीवरचें तें चित्र वेगवेगळे पाहूं शकतात कीं नाहीं, एवढें त्याच दिवशीं, त्याच पाटावर बसवून, प्रत्येक घरानें पाहण्याचा परिपाठ ठेविला, तर पूजेला आलेलीं झेंडूचीं फुलें सुकण्यापूर्वींच एखाद्या मुलाचा चष्मा तयार झालेला असेल.